तुटक रेघेची जागा

फणसवाडीतल्या आमच्या चाळीत तात्या धैर्यवानांच्या बाहेरच्या खोलीत जमिनीवर खडूने आखलेला एक चौकोन होता. सहा फूट बाय साडेचार. रेघ सलग नव्हती, तुटक होती. रोज सकाळी केर काढला की ती पुसट व्हायची, मग तात्या लाकडी पट्टी घेऊन गुडघ्यांवर बसायचे आणि पुन्हा आखायचे. त्या चौकोनात खुर्ची ठेवायची नाही, चपला काढायच्या नाहीत, पाय टाकायचा नाही. संक्रांतीला तीळगूळ द्यायला येणारी मंडळीसुद्धा त्याला वळसा घालून जात. कुणी विचारलंच, तर तात्या एवढंच म्हणत, "ते पुढचं आहे."

शेजारच्या तशाच दोन खोल्यांत आम्ही सातजण राहत होतो. मी, बायको, आई आणि चार मुलं. आमच्याकडे रात्री कूस बदलायची तरी शेजारच्याला विचारावं लागे. भिंतीपलीकडे एकटा विधुर माणूस, दोन खोल्या, आणि त्यातही सत्तावीस चौरस फूट नुसती राखून ठेवलेली. मला त्या चौकोनाचा राग यायचा, हे कबूल करतो.

तात्या सरकारी बांधकाम खात्यात हेड ड्राफ्ट्समन होते आणि मी त्यांच्या हाताखाली ट्रेसर. ते कागदावर पेन्सिलीने नकाशा काढायचे. मी त्यावर ट्रेसिंगचं कापड पसरून शाईने गिरवायचो, आणि त्यावरून निळे छाप निघायचे. जे आता बांधायचं ते सलग रेघेत, जे पुढे कधीतरी होईल ते तुटक रेघेत, असा आमच्या धंद्यातला नियम. बाकीच्यांच्या नकाशात तुटक रेघ कुठेतरी कोपऱ्यात असे. तात्यांच्या नकाशात निम्मा कागद तुटक असायचा.

त्या वेळी आमच्या टेबलावर किनाऱ्यावरच्या एका गावाचा विमानतळ होता. तात्या जन्मात कधी विमानात बसले नव्हते. मी एकदा तसं म्हटलं, तर म्हणाले, "सुतार काय पाळण्यात बसून पाळणा करतो?" मग चष्मा कपाळावर चढवून मला समजावू लागले.

"आज विमानात चाळीस माणसं बसतात. उद्या शंभर बसतील. परवा किती, ते ना तुला ठाऊक, ना मला. ते विमान करणारा इंजिनिअर आत्ता कुठेतरी रांगत असेल. त्याच्यासाठी जागा सोडायची, परब."

म्हणून त्यांच्या विमानतळाच्या आतल्या भिंती लाकडी, चार स्क्रू काढले की खोली मोठी होईल अशा. शेजारचा नाला बुजवायला त्यांचा सक्त विरोध. "पाण्याच्या वाटेत इमारत घातलीस, तर पाणी इमारतीतून जाईल. त्याला दुसरा रस्ता ठाऊक नाही." पत्र्यावरचं पावसाचं पाणी टाकीत, आणि पश्चिमेला रुंद व्हरांडा. "पंख्याला वीज लागते, वाऱ्याला लागत नाही." साहेब त्यांना मिस्टर फ्यूचर म्हणायचे. तात्यांना ती पदवी वाटायची.

धावपट्टी वाऱ्याच्या दिशेने आखावी लागते. खात्याकडे वाऱ्याची नोंद होती, पण तात्यांचा तिच्यावर भरवसा नव्हता. ते रोज सकाळी गॅलरीत उभे राहून समोरच्या चाळीत वाळत घातलेले कपडे बघत आणि वहीत लिहीत. 'सकाळी सात. दुसरा मजला, हिरवं लुगडं, ईशान्येकडे, जोरात.' विमानतळ शंभर मैलांवर आणि वारा फणसवाडीतला, असं मी म्हटलं की ते म्हणत, "किनारा एकच आहे रे." त्या लुगड्याच्या मालकीणबाई एकदा माझ्या बायकोकडे तक्रार घेऊन आल्या, हा माणूस माझ्या लुगड्याकडे काय बघतो म्हणून. बायकोने सांगितलं की त्यावरून विमानं उतरणार आहेत. तेव्हापासून बाई ते लुगडं न चुकता पहिल्या खुंटीवर घालू लागल्या.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे ते दिवस. आज मोर्चा, उद्या हरताळ, परवा चौपाटीवर सभा. तात्या सभेला जायचे, घोषणाही द्यायचे, पण घरी येताना त्यांचं दुःख वेगळंच असायचं. "दिल्लीवाल्यांनी पेनाने सीमा आखल्या, तिथंच चुकलं. पेन्सिल घ्यायला हवी होती."

अशाच एका हरताळाच्या आदल्या आठवड्यात माझा मेव्हणा मालवणहून आला आणि परतीच्या गाडीचा नेम नसल्याने अडकला. तो मनाने चांगला, पण असा घोरायचा की कपाटातली भांडी वाजत. दोन रात्रींनंतर मी तात्यांकडे गेलो. म्हटलं, चार दिवस मेव्हण्याला त्या चौकोनात पथारी टाकू द्या.

"माझ्या पलंगावर झोपव त्याला," तात्या म्हणाले. "मी गॅलरीत झोपतो. पण चौकोनात नाही."

आता या माणसाला काय म्हणायचं? मी रागारागाने परत आलो आणि आणखी तीन रात्री जागा राहिलो. त्या तारवटलेल्या डोळ्यांनी मी विमानतळाचा नकाशा गिरवला, आणि पुढची म्हणून तात्यांनी आखलेली सगळी जागा, सगळी वाढीव इमारत, मी झोपेच्या गुंगीत नकळत सलग रेघेत पक्की करून टाकली.

कुणाच्या ध्यानात आलं नाही. छाप निघाला, साहेबांच्या टेबलावर गेला, आणि मग आम्हा दोघांना बोलावणं आलं.

"ही इमारत कधी मंजूर झाली?" साहेबांनी विचारलं.

 नोकरी गेली, असं मी धरूनच चाललो. पण तात्या पुढे झाले. "चूक माझी आहे, साहेब. तपासून सही मी केली." साहेब बरंच बोलले. तात्यांनी खाली मान घालून ऐकून घेतलं, आणि नवीन ट्रेसिंग परवापर्यंत द्यायचं ठरलं. बाहेर आल्यावर माझा जीव भांड्यात पडला. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर तात्यांचं लक्षच नव्हतं. तो फुकट गेलेला छाप काखेत मारून ते मला इराण्याकडे घेऊन गेले.

चहा थंड झाला तरी ते छापाकडे बघत होते. "सलग रेघेत किती बरं दिसतं रे," ते म्हणाले. "परब, दोन वर्षं मी घरात तुटक रेघ काढतोय. ती मला दिसते. त्याला नायगावात बसून कशी दिसणार?"

त्यांचा मुलगा श्रीकांत लग्नानंतर वेगळा राहतो, एवढं चाळीला ठाऊक होतं. बाकीचं त्या दिवशी मला कळलं. त्याची बायको सुमन नायगावच्या बीडीडी चाळीतली, म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिकवणारी. तिच्या घरच्यांनी नुकताच बौद्ध धम्म घेतला होता. तात्यांना आपल्या ज्ञातीतले लोक काय म्हणतील याची धास्ती वाटली, आणि ते सुमनबद्दल नको ते बोलून बसले.

"मी त्याला म्हटलं, या घरात तुम्हाला जागा नाही. त्याने एकदा खोलीभर नजर फिरवली आणि गेला." तात्या टेबलावरच्या पाण्याच्या थेंबांत बोट फिरवत होते. "ज्या विमानाचा अजून खिळा तयार नाही, त्याला मी जागा सोडतो. आणि पोटच्या पोराला हे बोललो."

मी त्या चौकोनावर इतके दिवस डोळा ठेवून होतो, त्याची मला फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी हरताळ होता. ट्रामा नाहीत, बसेस नाहीत. तात्या कोट घालून, हातात कागदाची गुंडाळी घेऊन माझ्या दाराशी उभे. "चल, एकट्याने जमायचं नाही," म्हणाले. आम्ही चालत निघालो. लालबागला झेंडे घेतलेल्या पोरांनी अडवलं.

"काका, कसला कागद?"

"नकाशा."

"महाराष्ट्राचा? मुंबईसकट ना?"

"दोन खोल्यांचा," तात्या म्हणाले. "फणसवाडीसकट." पोरं हसली आणि वाट दिली.  नायगावच्या चाळीचा जिना चढताना तात्या तीनदा थांबले, आणि तिसऱ्यांदा म्हणाले, "परत जाऊ या का रे?" मी त्यांचा दंड धरला.

दार श्रीकांतने उघडलं.  मागे भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली सुमन वह्या तपासत बसलेली. तात्यांनी जमिनीवर गुंडाळी पसरली, दोन कोपरे मी धरले. खाली त्यांच्या सुबक अक्षरांत लिहिलं होतं, 'प्रस्तावित फेरफार'. मधली लाकडी भिंत सरकवलेली, आणि तो चौकोन शाईने, सलग रेघेत. आत नावं होती, श्रीकांत आणि सौ. सुमन.

"तात्या, जागा नव्हती ना?" श्रीकांत म्हणाला. आवाज कडक होता.

"होती," तात्या म्हणाले. "मी खोटं बोललो. हिच्याबद्दल बोललो ते तर फारच वाईट बोललो."

श्रीकांत उभाच राहिला. सुमन मात्र पुढे येऊन बसली आणि शिकवणाऱ्या बाईच्या सवयीने तिने नकाशावर बोट फिरवलं. दार कुठलं, खिडकी कुठली, एकेक विचारलं. तात्या परीक्षेला बसल्यासारखे उत्तरं देत होते. तेवढ्यात पडद्यामागून रडण्याचा आवाज आला. तात्यांनी दचकून वर पाहिलं. सुमन आत गेली आणि दोन महिन्यांची मुलगी घेऊन आली.

"तात्या," ती म्हणाली, "नकाशात पाळणा राहिला."

तात्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "अंदाज चुकला," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते, "माझा अंदाज चुकला," आणि इतक्या आनंदाने चूक कबूल करणारा ड्राफ्ट्समन मी दुसरा पाहिला नाही. मग त्यांनी खिशातून ब्लेड काढलं, नकाशातलं स्वतःचं ड्रॉइंगचं टेबल खरवडून काढलं, आणि श्रीकांतकडे हात पसरला. श्रीकांतने क्षणभर त्या हाताकडे पाहिलं, मग आपलं पेन दिलं. तिथे पाळणा आला, सलग रेघेत.

पुढच्या रविवारी ती तिघं फणसवाडीत राहायला आली. तात्यांचं टेबल आमच्या खोलीत आलं. मग आमची चार मुलं त्याच्याखाली झोपू लागली. बायको कुरकुरली, पण मी ते काढू दिलं नाही.

आठ-पंधरा दिवसांनी सकाळी मी सहज डोकावलो, तर तात्या गुडघ्यांवर बसून पाळण्याशेजारी पुन्हा खडूने तुटक रेघ आखत होते. मी विचारलं, आता हे काय.

"ती रांगेल, मग चालेल," ते म्हणाले. "ते पुढचं आहे."

सुमन चहा घेऊन आली. तिने कप खाली ठेवला, तात्यांच्या हातातून खडू घेतला आणि चौकोन हातभर मोठा केला.