झिपरोजीची गोळी आणि जांबूबाईंचा खलबत्ता

एका जंगलात झिपरोजी नावाचं अस्वल राहत होतं. बाळांनो, जंगल तसं सुधारलेलं होतं. सकाळी पाणवठ्याला तीन फेऱ्या मारणारी मंडळी तिथे होती. फेऱ्या झाल्यावर भजी खाणारीही तीच होती.

झिपरोजीच्या पायात बाभळीचा काटा मोडला. काटा निघाला, पण जखम काही भरेना. पाय सुजून भोपळ्याएवढा झाला. झाडावर चढणं बंद पडलं. झाडावर चढता येत नसेल, तर ते अस्वल कसलं? झिपरोजी मनातून फार घाबरला आणि लंगडत लंगडत कासव डॉक्टरांकडे गेला.

डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि मान आत ओढून घेतली. ती बाहेर यायला बराच वेळ लागला.

"झिपरोजीराव, रक्तात साखर फार आहे. ती उतरली नाही, तर पाय कापावा लागेल."

झिपरोजीच्या अंगावरचे सगळे केस उभे राहिले. ते थोडेथोडके नव्हते.

"ही गोळी जेवणासोबत घ्या," डॉक्टर म्हणाले. "ही दिवसभर सावकाश विरघळते. म्हणून चावायची नाही. मोडायची नाही. आणि…"

डॉक्टर प्रत्येक वाक्यानंतर विसावा घेत. हा विसावा जरा लांबला. तेवढ्यात झिपरोजी "कळलं, कळलं" म्हणत घरी पोचलासुद्धा.

घरी त्याची बायको जांबूबाई होती आणि जांबूबाईंचा माहेरून आलेला दगडी खलबत्ता होता. अस्वलांच्या घराण्यात रीतच तशी होती. औषध कोणतंही असो, ते कुटायचं, मधात खलायचं आणि सकाळी अनशापोटी चाटायचं. खोकला मधात, ताप मधात, कातडीची खाजही मधातच. कोरडं औषध गिळणं म्हणजे पाहुण्याला चहा न देता परत पाठवण्यासारखं होतं.

"चावू नका म्हणाले, मोडू नका म्हणाले," झिपरोजीने सांगितलं.

"कुटू नका म्हणाले का?"

"तसं काही म्हणाले नाहीत बुवा."

"मग झालं तर! आणि सावकाश कशाला विरघळायला हवी मेली? पाय तुमचा आत्ता दुखतोय ना?"

अशा रीतीने दिवसभराची गोळी झिपरोजीच्या पोटात एकदम उतरली, तीही रिकाम्या पोटात. पुढे जे झालं ते लहान मुलांना सांगू नये. पण तुम्हाला तेच ऐकायचं असतं, म्हणून सांगतो. पोटात गुरगुर, घशाशी मळमळ, तोंडाला गंजक्या खिळ्याची चव. झिपरोजी करवंदीच्या जाळीमागे जाई, परत निघे आणि अर्ध्या वाटेतून पुन्हा जाळीकडे पळे. लंगडा पाय असताना एवढं पळणं त्याला कसं जमलं, याचं जांबूबाईंना राहून राहून नवल वाटे.

चार-पाच दिवस असे काढल्यावर झिपरोजीने गोळी बंद केली. मधाचं चाटण मात्र सुरू ठेवलं. लागलेली चांगली सवय कशाला मोडा?

पोट लगेच शांत झालं. झिपरोजीने पाणवठ्यावर जाऊन सगळ्यांना ही हकीकत ऐकवली. तिथे टिवल्या वानर होता. बातमी या झाडावरून त्या झाडावर ढकलणं हे त्याचं काम. खरंखोटं तो तपासत नसे, कारण विचार करायला थांबलं की फांदी सुटते.

"सगळ्यांना सांगा!" टिवल्या ओरडला. "गोळीने आतडी सडतात! मधाने बरी होतात!"

संध्याकाळपर्यंत अर्ध्या जंगलाने आपापल्या साखरेवरच्या गोळ्या ओढ्यात फेकल्या. ओढ्यातले मासे मळमळून काठाला आले. झिपरोजीला 'मधरत्न' पदवी मिळाली आणि झेंडूचा हार मिळाला. पाय आता काळा पडू लागला होता. हाराच्या वासाने जखमेचा वास झाकला जाई, एवढाच त्या हाराचा उपयोग. आपण काहीतरी चुकतोय, हे झिपरोजीला कळत होतं. पण मधरत्नाने ते कोणाला सांगायचं?

अशात एक दिवस कासव डॉक्टर दारात उभे राहिले. ते झिपरोजीच्या मागोमाग त्याच दिवशी निघाले होते. आत्ता पोचले.

"…आणि कुटायची नाही," डॉक्टर धापा टाकत म्हणाले. "आणि मध बंद."

जांबूबाई बत्ता हातात धरून मटकन खाली बसल्या. "अगं बाई! म्हणजे मीच माझ्या हाताने यांचा पाय घालवला?" आणि त्या हमसून हमसून रडू लागल्या. झिपरोजीलाही रडू आलं.

"पाय अजून वाचेल," डॉक्टर म्हणाले. "आजपासून जेवणासोबत अख्खी गिळा. सुरुवातीला पोट थोडं कुरकुरेल. फारच त्रास झाला तर गोळी बदलून देईन, पण आपल्या मनाने बंद करू नका. आणि विचारायचं असेल तर तुम्हीच या. मी येण्याची वाट पाहू नका."

झिपरोजीने ऐकलं. एक बोट गेलं, पण पाय राहिला. पुढे एके सकाळी तो स्वतःच्या पायांनी जांभळीवर चढला. जांबूबाई खाली उभ्या राहून पुन्हा रडल्या, पण ते रडणं वेगळं होतं.

उतरला तो तडक पाणवठ्यावर गेला. गळ्यातला हार काढून त्याने सगळ्यांसमोर ठेवला.

"मंडळी, माझं चुकलं. गोळी वाईट नव्हती, आम्ही ती कुटून खाल्ली. मधाने काहीही बरं झालेलं नाही. आपापल्या गोळ्या पुन्हा सुरू करा."

मग टिवल्या सरसर झाडावर चढला.

"सगळ्यांना सांगा! झिपरोजीरावांनी परत गोळी सुरू केली! गोळी डोक्यात गेली! ते स्वतःची चूक कबूल करायला लागले!"

"चांगला होता हो बिचारा," म्हातारी तरसीण हळहळली. तिच्या पायाला चिंधी बांधलेली होती. तिने मधाच्या वाटीत बोट बुडवलं आणि ते सावकाश चाटलं.

तात्पर्य : बाळांनो, गोळी घेण्याआधी तिचे दुष्परिणाम जरूर विचारावेत. मधाला दुष्परिणाम नसतात, कारण ते कोणी विचारत नाही.