तीन मजली बर्बन

बर्बन व्हिस्कीला तारे देणाऱ्यांनी आजवर सगळ्यांना साफ फसवलं आहे. बर्बन मजल्यांत मोजतात. सांगलीच्या शर्वरी अपार्टमेंटमधली मृदुला टिपणीस तरी तशीच मोजते. घोट मनाला जितका पटेल तितके मजले तिचा तळमजल्यावरचा फ्लॅट वर चढतो आणि त्या मजल्यावरचा फ्लॅट खाली येऊन तिच्या जागी बसतो. ग्लास संपला की दोन्ही फ्लॅट आपापल्या जागी. यात लबाडी चालत नाही. मनात एक असताना तोंडाने तीन म्हटलं तर वीटसुद्धा हलत नाही. म्हणूनच मृदुलाला जगात ही एकच पद्धत प्रामाणिक वाटते.

त्या सकाळी लिफ्ट बंद पडली आणि तिसऱ्या मजल्यावरून अष्टेकरकाकूंची हाक आली.

"मृदुले, तीन मजल्यांची आहे का गं घरात?"

काकू पैठणी नेसून गॅलरीत उभ्या होत्या. त्यांच्या जिवलग मैत्रिणीचं, सत्तरीच्या शकूचं, आज लग्न होतं. मंगलाष्टका काकूच म्हणणार होत्या, आणि गुडघे जिना उतरू देत नव्हते. फाटकात रिक्षा घरघरत होती.

"दोन मजल्यांचीच आहे, काकू."

"मग जरा कौतुकाने पी! नाक मुरडत पितेस तू."

"आहे तेवढंच कौतुक करते मी."

"अगं, मुहूर्त टळेल! शकू उभा जन्म थांबलीय."

मृदुलाने ग्लास भरला आणि मन लावून घोट घेतला. फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर गेला. खाली आले ते सोसायटीचे सेक्रेटरी पेंडसे, गालाला दाढीचा फेस लावलेले.

"टिपणीस, चढण्याआधी बेल द्यायची असा ठराव आहे!" ते खालून ओरडले.

आता काकू बरोबर डोक्यावर होत्या. वाट बघून कंटाळल्या आणि त्यांनी मंगलाष्टकांचा सराव सुरू केला. काय तो आवाज! मृदुलाने ऐकता ऐकता दुसरा घोट घेतला. गाण्याचे गुण बर्बनला द्यावेत का, हा तत्त्वाचा प्रश्न होता. पण मन खोटं बोलत नव्हतं. फ्लॅट काकूंना ओलांडून थेट गच्चीवर जाऊन बसला. पाण्याची टाकी तळमजल्यावर आली, पेंडसे दुसऱ्यावर परतले.

"चौथा मजला मंजूर नकाशात नाही!" ते गॅलरीतून गरजले.

"काकू," मृदुला वाकून म्हणाली, "थोडं बेसूर गाता का?"

काकूंनी आयुष्यभर गाणं शिकवलं होतं.

"जीभ झडेल माझी."

"शकूमावशी थांबल्यात ना?"

काकूंनी डोळे मिटले आणि 'सावधान' चांगलंच खाली पाडलं. मृदुलाने घोट घेतला, तिचं तोंड वाकडं झालं आणि फ्लॅट एक मजला उतरला. काकू पैठणीसकट तळमजल्यावर पोहोचल्या.

"मी येईपर्यंत ग्लास संपवू नकोस गं!"

मृदुला तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत ग्लास सांभाळत उभी राहिली. खाली काकू रिक्षात बसल्या आणि तो पडलेला सूर पुसून टाकायला त्यांनी स्वच्छ षड्ज लावला. रिक्षावाला चटकन मागे वळला.

"काकू, रिक्षात गाऊ नका हां. वरच्या रस्त्याचं परमिट नाही माझ्याकडं."