इंदूअक्का आणि एकशेऐंशीचा आकडा

जे. पी. नगरातल्या आमच्या इमारतीची लिफ्ट चौथ्या मजल्यावर थांबते आणि लाल अक्षरात ४ दाखवते. इंदूअक्का तरीही मान बाहेर काढून समोरच्या दारावरची पाटी वाचतात आणि मगच पाऊल टाकतात. "आकडा बोलला म्हणून खरं का?" हे त्यांचं वाक्य आम्ही नागपूरहून इथे आल्यापासून मी रोज ऐकतो.

अक्का सत्तरीच्या. एकट्या राहतात. घर मराठी, पण कित्येक पिढ्या बेंगळुरूतच. त्यामुळे त्यांच्या मराठीत कन्नड शब्द कढीपत्त्यासारखे मधूनमधून लागतात. एका कारखान्यात त्या तीस वर्षं तपासणी विभागात होत्या. निवृत्तीनंतर मोजायला कारखाना उरला नाही, म्हणून त्यांनी अख्खं शहर मोजायला घेतलं.

भाजीला जाताना त्यांच्या पिशवीत स्वतःचं एक किलोचं वजन असतं. आधी ते काट्यावर ठेवायचं. काटा बरोबर एक किलो बोलला, तरच वांगी. माझ्या मनगटावरच्या घड्याळाने एकदा आठ हजार पावलं दाखवली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का माझ्याबरोबर बागेत पावलं मोजत चालल्या आणि शेवटी म्हणाल्या, "निखिलप्पा, स्वल्प हात हलवला तरी हे पाऊल म्हणतंय. खुर्चीत बसून टाळ्या वाजव, पाच किलोमीटर होतील."

मी ते घड्याळ आता चारचौघांत घालत नाही.

तर, आमचा ओव्हन. माझी बायको मृणाल नोकरी सोडून घरून केक करायला लागली होती. सहा महिने बरे गेले आणि मग केक बिघडायला लागले. वरून फिके, मधे ओला शिरा. तिसरा केक एका बाळाच्या पहिल्या वाढदिवसाचा होता. सुरी मधोमध रुतलेला फोटो मृणालच्या फोनवर आला. खाली एक अक्षर नव्हतं.

कंपनीचा माणूस आला. त्याने बटण फिरवलं, एकशेऐंशी आकडा येईपर्यंत थांबला आणि म्हणाला, "ओव्हन एकदम ठीक है, मॅडम. आप का हाथ सेट नहीं हुआ होगा."

मीही मागे राहिलो नाही. दोन व्हिडिओ पाहिलेल्या माणसाच्या अधिकाराने सांगितलं, "तू मिश्रण जास्त फेटतेस."

मृणालने वाद घातला नाही. सगळ्यांना 'ऑर्डर बंद' असं कळवलं, केकचे डबे धुतले आणि स्टुलावर चढून माळ्यावर टाकायला लागली. नेमक्या तेव्हाच अक्का आमची वाटी परत द्यायला आल्या.

"काय गे हे?"

"मला जमत नाही, अक्का."

"कोण म्हणालं?"

मृणालने ओव्हनकडे बोट दाखवलं. म्हणजे, मला तरी तसं वाटलं. मी त्याच दिशेला उभा होतो.

अक्का घरी जाऊन एक छोटा थर्मामीटर घेऊन आल्या. तो जाळीवर मधोमध ठेवला, ओव्हन एकशेऐंशीवर लावला आणि समोर खुर्ची टाकून बसल्या. "अर्धा तास कुणी दार उघडायचं नाही." मी मधेच वाकून बघायला गेलो तर म्हणाल्या, "निखिलप्पा, तू तापलास तर उपयोग नाही."

अर्ध्या तासाने ओव्हनवर एकशेऐंशी होतं. काचेआडच्या थर्मामीटरवर एकशेचाळीस.

"मृणाल, इकडे ये. तू वाच. मोठ्यानं वाच."

मृणालने वाचलं. मग पुन्हा एकदा वाचलं.

ओव्हन गार झाल्यावर अक्कांनी प्लग काढला आणि आत बॅटरी मारली. मागच्या भिंतीवर उष्णता ओळखणारी एक बारीक कांडी असते. तिची क्लिप निघालेली होती आणि कांडी वाकून थेट तापणाऱ्या सळईला टेकली होती.

"अय्यो, हा शेगडीला पाठ लावून बसलाय आणि सगळ्या गावाला थंडी नाही म्हणून सांगतोय! कुणी घासलं हे?"

दिवाळीत ओव्हन मी घासला होता. तारेच्या काथ्याने, घाम येईपर्यंत. चकचकीत ओव्हनचा फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवरही टाकला होता. मी हळूच हात वर केला. मृणालने माझ्याकडे जे पाहिलं, ते एकशेऐंशीच्या पुष्कळ वर होतं.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या माणसाने अक्कांच्या देखरेखीखाली नवी क्लिप बसवली. थर्मामीटरवर एकशेअठ्ठ्याहत्तर आले. "सरी, ठीक आहे. दोन डिग्री माफ," अक्का म्हणाल्या. मृणालने केक लावला. सुरी कोरडी बाहेर आली आणि ती एकदम रडायलाच लागली.

अक्कांनी तिचा हात धरून ठेवला. मग म्हणाल्या, "आनेकलची सरोजा म्हणून एक मुलगी होती कारखान्यात. नवीन होती, म्हणून तिनं बनवलेले भाग जुन्या गेजवर, म्हणजे मापाच्या साच्यावर, मोजायचे मी. महिनाभर रोज नापास केलं. तिला पॅकिंगमध्ये टाकलं, मग तिनं नोकरीच सोडली. नंतर कळलं, गेजच चुकीचं होतं."

"मग तिला सांगितलंत?"

"मागच्या वर्षी बाजारात भेटली. आनेकलला मुलाच्या दुकानात बसते. मला नमस्कार केला, म्हणाली, अक्का, माझा हातच वाईट होता, तुम्ही तरी काय करणार! आणि मी..." अक्कांनी पदर सारखा केला. "मी नुसतं 'सरी, ठीक आहे' म्हणाले, गे. बस आली, चढले."

मग मृणालने अर्धा केक डब्यात भरला. "रविवारी आनेकलची बस किती वाजता असते, अक्का?"

"नको गे. काय तोंडानं जाऊ?"

पण रविवारी सकाळी दोघींना मीच बसमध्ये बसवून दिलं. अक्कांनी त्या दिवशी तिकिटावरचा आकडासुद्धा वाचला नाही.

संध्याकाळी त्या परतल्या. अक्का लिफ्टने सरळ वर गेल्या. मी मृणालला विचारलं, "काय झालं?"

"अक्कांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. दुकानाच्या पायरीवर उभ्या राहूनच सगळं सांगितलं."

"आणि सरोजा काय म्हणाली?"

"काही नाही," मृणाल म्हणाली. "आपले दोन्ही हात उलटेसुलटे करून कितीतरी वेळ बघत बसली."