काडेचिराइताचा केक

दळण्यातलं मला कुणी शिकवू नये! बावीस वर्षं बेकरी चालवतोय. साखर अशी दळतो की फुंकर मारली तर ढग उठेल. म्हणून सासूबाईंनी काडेचिराइताची पुरचुंडी सोडली तेव्हा मला हसूच आलं.

सासरे नुकतेच काविळीतून उठले होते. यकृत अजून नाजूक, म्हणून मुक्काम आमच्याकडे. डॉक्टरांची औषधं चालूच होती. काढ्याला त्यांनी "घ्या थोडा, हरकत नाही" म्हटलं होतं. सासूबाईंची पद्धत ठरलेली. संध्याकाळी चार काड्या मातीच्या बोळक्यात भिजत घालायच्या, सकाळी पाणी गाळायचं आणि नवरा अर्धी वाटी संपवेपर्यंत समोरून हलायचं नाही.

"आई, पूड केली तर अर्क जास्त उतरेल!"

"जावईबापू, ही काडी भिजवायची असते, दळायची नसते. तिला राग येतो."

काडीला राग! मी पुरचुंडी उचलली आणि बेकरीतल्या साखर दळायच्या यंत्रात रिकामी केली.

झाकण उघडलं मात्र, पिवळट धुरळा उठला. मी नुसता श्वास घेतला, तर जीभ कडू! मिशी कडू! हात धुतले, तर नळाची चावी कडू! एवढीशी वाळकी काडी, आणि अंगात केवढी ही ताकद! मी मनोमन हात जोडले. यंत्र तीनदा कढत पाण्याने धुतलं आणि त्यातच केकची साखर दळली.

कारण दुसऱ्या दिवशी त्याच डॉक्टरांच्या रुग्णालयाचा वर्धापनदिन होता. साठ माणसांचा केक माझ्याकडे! पसंत पडला तर रुग्णालयाचा रोजचा पाव मला मिळणार होता.

"अहो, एकदा चाखून तरी बघा," बायको म्हणाली.

"बावीस वर्षांत कधी चाखलाय का?"

डॉक्टरांनी पहिला घास घेतला. आधी एक भुवई वर गेली, मग दुसरी. मग कान हलले! माणसाचे कान हलताना मी आयुष्यात प्रथमच पाहत होतो. तेवढ्यात बाकीची मंडळीही पाण्याकडे धावली.

"काडेचिराईत?" डॉक्टरांनी डोळे पुसत विचारलं.

"हो."

"किती घातलंत?"

"घातलं नाही हो! यंत्राला चिकटून राहिलं असेल, तेवढंच."

"तेवढ्यात साठ माणसं?" त्यांच्या आवाजात रागापेक्षा आदर जास्त होता. पावाचं मात्र त्यांनी नावही काढलं नाही.

उरलेला केक घेऊन मी घरी आलो. म्हणजे जवळजवळ सगळाच. सासूबाईंनी बोटावर क्रीम घेऊन चाटलं. डोळे मिटले ते बराच वेळ उघडलेच नाहीत. आता माझी धडगत नाही, असं मला वाटलं.

"चाळीस वर्षं काढा करतेय मी," त्या भारावून म्हणाल्या, "पण इतका छान कधी उतरला नव्हता!"

दुसऱ्या सकाळी बोळक्याला सुट्टी मिळाली आणि सासऱ्यांच्या पुढ्यात केकचा तुकडा आला. तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत.