मेंदी बोटांच्या टोकांपर्यंत

आपल्या पार्लरमधून आजवर एकही हात फिक्क्या रंगाचा बाहेर पडला नाही, असं मावशी सगळ्यांना सांगायची. कुणी न विचारताही सांगायची! भाचीचं लग्न उद्यावर आलं होतं आणि भाचीची आई, म्हणजे मावशीची थोरली बहीण, हॉस्पिटलच्या खाटेला खिळली होती. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, "लग्न लवकर उरका." ताईला एवढंच हवं होतं, चाकांच्या खुर्चीत बसून का होईना, पोरीचं लग्न डोळ्यांनी बघायचं.

"नवरीची आई कोऱ्या हातांनी लग्नात? मी जिवंत असताना?" मावशी पर्समध्ये मेंदीचा कोन लपवून खोलीत घुसली.

"नर्स ओरडेल गं," ताई म्हणाली.

"ओरडू दे! एकच हात. तिला पत्तासुद्धा लागणार नाही."

मनगटावर वेल चढली, तळव्यावर फूल उमललं. पण मावशीची खरी खासियत बोटांची टोकं, अगदी गच्च भरलेली. ताईच्या एका बोटाला ऑक्सिजन मोजणारी क्लिप होती. मावशीने ती काढली, ते बोटही रंगवलं, आणि तेवढ्यात दाराबाहेर नर्सच्या चपला वाजल्या. तिने घाईघाईने ओल्या मेंदीवरच क्लिप चढवली आणि ताईचा हात चादरीखाली सारला.

मशीनवरचा आकडा धडाधड खाली आला आणि मशीनने आकांत मांडला!

"बाहेर व्हा!" नर्स किंचाळली. डॉक्टर धावत आले. "अहो, मला काही झालेलं नाही," ताई सांगत होती, पण तोंडावर मास्क बसला आणि तेही ऐकू येईनासं झालं.

बाहेर येऊन मावशीने तोंडाला पदर लावला. आपल्या हौसेपायी आपणच बहिणीला दमवून मारलं, असं वाटून तिला हुंदका आवरेना. भावजींनी, म्हणजे ताईच्या नवऱ्याने, तिचा चेहरा पाहिला आणि खिशातून फोन काढला. "ती चालली हो," त्यांनी व्याह्यांना सांगितलं. मग हॉलवाल्याला सांगितलं, "उद्याचं रद्द करा." मग आचाऱ्याला. घाबरलेली माणसं गप्प होतात, भावजी फोन करत सुटले!

आत नर्सने चादरीखालचा हात ओढून काढला.

"हा काय चिखल?"

क्लिप पुसली, दुसऱ्या हाताच्या बोटाला लावली. आकडा वर गेला, मशीन गप्प झालं. डॉक्टरांनी दारातल्या मावशीकडे पाहिलं. मावशीने छताकडे पाहिलं.

मास्क निघताच ताईने नवऱ्याला हाक मारली. "कोण चाललं म्हणून सांगत होतात?"

"अगं, मशीन ओरडलं म्हणून..."

"मी जन्मभर ओरडतेय, ते कधी ऐकलं नाहीत! मशीनचं बरं लगेच ऐकलंत! लावा हॉलवाल्याला फोन."

हॉलवाल्याने तेवढ्यात हॉल दुसऱ्यांना देऊनही टाकला होता. पुढची तारीख महिन्याभराने.

"महिनाभर मी आहे का?" ताईने विचारलं. डॉक्टर खाली बघायला लागले. मावशीला तोंड कुठे लपवावं कळेना.

एवढ्यात नवरी रडत धावत आली आणि तिच्या पाठोपाठ नवरामुलगा आणि त्याचे आईवडील, पडेल चेहऱ्यांनी. ताईला उठून बसलेली बघून विहीणबाई दारातच थबकल्या. त्यांचे दोन्ही हात पाठीमागे होते.

"पाठीमागे काय लपवताय?" ताई म्हणाली.

"काही नाही... फुलं."

फुलं कसली, चांगला जाडजूड, गुडघ्यापर्यंत लोंबणारा हार होता.

"माझ्यासाठीच ना? मग द्या इकडे. नर्सबाई, कात्री आहे का? याचे दोन करा."

नर्सने हार कापला, टोकं बँडेजच्या पट्टीने बांधली. ताईच्या खाटेशी उभं राहून दोघांनी एकमेकांच्या गळ्यात अर्धा अर्धा हार घातला. टाळ्या वाजवाव्यात की डोळे पुसावेत हे न कळून विहीणबाईंनी दोन्ही केलं. ताई पापणीही न हलवता बघत होती. असं मन भरून बघताना मावशीने तिला कधी पाहिलं नव्हतं.

मग ताईने क्लिप लावलेला हात मावशीपुढे केला.

"ये, आता यावर काढ."

"नको गं बाई! पुन्हा ते मशीन ओरडलं तर?"

"ओरडू दे," ताई म्हणाली. "आता काय अडलंय?"

मावशीने नर्सकडे पाहिलं. नर्सने क्लिप काढून घेतली. मावशीने कोन उचलला, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिची पहिलीच रेघ वाकडी गेली.