मेघालीची बुंदी आणि काळा स्पंज

मासे आपल्या रक्तात आहेत! कशेळीच्या खाडीवर वाढलोय मी. आजोबा जाळं टाकायचे, आणि आई आजही बाजारात माशाचा कल्ला उचलून बघते तेव्हा विकणारीला घाम फुटतो.

त्यामुळे राहनाळच्या आमच्या गोडाऊनमध्ये डबा खाताना पॅकिंगवाली मेघाली म्हणाली, "घरी आठवडाभर रंगकाम आहे रे, माझ्या बुंदीला कुठे ठेवू?" तेव्हा मी ताठ बसलो.

बुंदी म्हणजे तिचा गोल्डफिश. केशरी, गुबगुबीत, तीन वर्षांची. मेघाली तिच्याशी फोनवर बोलते!

"माझ्याकडे ठेव की! टाकी आहे घरी. दोन वर्षं झाली."

टाकी नव्हती.

संध्याकाळी धामणकर नाक्यावरून आणली. नुसती टाकी जुनी वाटणार नाही म्हणून सोबत बारा गप्पी मासे. नळाचं पाणी भरलं, मासे सोडले. पोहायला लागले! झालं! लोक यावर तासतासाचे व्हिडिओ कशाला बनवतात?

सोमवारी मेघालीनं बरणीतून बुंदी आणली. सोबत पिशवीत एक काळाकुट्ट, बुळबुळीत स्पंज. "माझ्या फिल्टरचा आहे. हा पण टाकीत ठेव."

शी! किती घाण! माणसानं विश्वासानं वस्तू दिली तर आपण स्वच्छच परत करावी ना? भांड्याच्या साबणानं तीनदा घासला. आतून चक्क निळा निघाला! गच्चीवर वाळत घातला आणि विसरलो.

मंगळवारी पाणी ताकासारखं. सगळं ओतून नवीन भरलं. बुधवारी परत ताक. परत सगळं ओतलं! आता बुंदी वर येऊन तोंड उघडझाप करायला लागली, शेअर रिक्षात मधे बसलेल्या माणसासारखी.

"आई, ही मरतेय का गं?"

आईनं चष्मा लावला. वाकून बघितलं. "मन्या, कल्ले बघ कसे लालबुंद हायत! डोले चकचकीत! असा ताजा मासा नाक्यावर पन मिलत न्हाय."

एवढं मोठं सर्टिफिकेट! मी निवांत झोपलो.

गुरुवारी सकाळी दोन गप्पी पोट वर करून तरंगत होते.

मग बघितला व्हिडिओ. नव्या टाकीत माशांच्या घाणीचं विष साठतं, ते खाणारे जीवाणू तयार व्हायला आठवडे लागतात, मासे जास्त असले की विष जास्त. खूण काय? मासा वर येऊन हवा गिळतो आणि कल्ले लाल होतात!

म्हणजे आईनं ताजा म्हणून पास केलेला मासा भाजून निघत होता! आणि उपाय? 'जुन्या टाकीतला घाण स्पंज. चुकूनही धुऊ नका.'

गच्चीवर पळालो. स्पंज गायब! असता तरी काय, साबणानं सगळे जीवाणू कधीच स्वर्गात गेले होते. बुंदी मेली तर मेघालीला तोंड कसं दाखवू?

नाक्यावर इद्रीसभाईंचं सलून आहे. तिथली टाकी मी शाळेत असल्यापासून बघतोय.

"भाई, आपके फिल्टर का गंदा स्पंज मिलेगा?"

"दाढी बनानी है?"

"नहीं भाई, सिर्फ गंदगी चाहिए."

साबण लावलेलं गिऱ्हाईकसुद्धा मान वळवून बघायला लागलं. इद्रीसभाईंनी वस्तरा खाली ठेवला. "पूरी भिवंडी में तेरे को कहीं और नहीं मिली?"

शेवटी उरलेले दहा गप्पी त्यांच्या मोठ्या टाकीत गेले आणि स्पंज माझ्याकडे आला. रिक्षात त्याच्या वासानं शेजारची बाई सरकत सरकत जवळजवळ ड्रायव्हरच्या सीटवर पोचली!

स्पंज टाकीत ठेवला. खाणं बंद केलं. रोज फक्त पाव टाकी पाणी बदललं, तेही आदल्या दिवशी बादलीत भरून ठेवलेलं. शनिवारी पाणी काचेसारखं! बुंदी खाली, मजेत फिरतेय!

आईनं बघितलं आणि मान हलवली. "कल्ले फिके परले रं. मासा उतरला."

रविवारी मेघाली आली. बुंदीला बघून आधी नाचली, मग टाकीत वाकली. "अरे, स्पंज न धुता ठेवलास? किती जण मूर्खासारखे धुतात माहितीय?"

"छे! एवढं तर कळायलाच पाहिजे," मी म्हणालो. देवाशपथ, आवाज जरासुद्धा कापला नाही.

आई चहा घेऊन आली. मेघालीनं एका दमात संपवला. "मस्त झालाय काकू!"

"घे गं बाय आनखी. आनि तुजा तो निला स्पंज गच्चीवर परला व्हता, तो मीच घेतला हा! मन्यानं साबनानं काय चकाचक केलान! आता हेच कप त्यानंच घासते मी."

मेघालीनं कपाकडे बघितलं. मग माझ्याकडे.

तोंड उघडझाप करत होतो मी. कल्ले नक्कीच लालबुंद असणार!