चवीपुरतं

कॉको वारल्याचं कार्यालयाला बुधवारी सकाळी कळलं.

वारली होती खरं तर सिनाथ. पण कार्यालयाच्या दप्तरात सिनाथ एका अरुंद रकान्यात होती. मुख्य नोंद होती ती पदार्थाची: ‘साम्लॉर कॉको, माशाचं व भाज्यांचं कालवण, धारक एक.’ धारक गेला की पदार्थ गेला, असा नियम होता. त्यामुळे ‘प्रवासीप्रिय पारंपरिक पदार्थ संवर्धन कार्यालया’नं त्याच दिवशी शोकसंदेश धाडला. कॉकोनं कंबोडियात येणाऱ्या परदेशी पाहुण्यांची अनेक वर्षं निष्ठेनं सेवा केली, त्याच्या जाण्यानं यादीत कधीही न भरून येणारी पोकळी निर्माण झाली असून त्याच्या पश्चात केळीच्या पानात वाफवलेला अमोक, परतलेल्या मांसाचं लोक लाक आणि तांदळाच्या शेवया असा परिवार आहे, असं त्यात लिहिलं होतं.

संदेश विहाराच्या आवारात वाचून दाखवला गेला तेव्हा चिता अजून पेटायची होती. सिनाथचा नवरा पांढरे कपडे घालून उभा होता. सकाळीच त्याचं डोकं भादरलं होतं. त्याचं नाव सावुत, पण गावात सगळे त्याला ता सावुत म्हणत, म्हणजे सावुतआजोबा.

“ह्यात तिचं नाव कुठंय?” त्यानं विचारलं.

“धारक म्हणजे त्याच की, ता,” वथानाक म्हणाला. वथानाक हा कार्यालयाचा उपनिरीक्षक. पोरगा वाईट नव्हता. संदेश वाचताना त्याचा आवाज खरोखर कापला होता. वाचून झाल्यावर त्यानं कागदाची घडी केली, चितेला हात जोडले आणि सिनाथच्या घरासमोरची पाटी उतरवायला निघून गेला.

ही पाटी लागली त्याला बरीच वर्षं झाली होती. सिनाथ तेव्हा घराखालच्या ओट्यावर, सांगके नदीकडे तोंड करून, सकाळी कॉको विकायची. परसात जे पिकेल ते त्यात पडे: कच्ची पपई, कच्चं केळं, वांगी, शेवग्याचा पाला. मागूर मासा, भाजून कुटलेला तांदूळ, गवती चहाचं वाटण, आणि भांड्याच्या तळाशी सगळ्यांचा बाप म्हणजे प्रहोक, खारवून आंबवलेल्या माशांचा लगदा. मग ढवळायचं. कॉको म्हणजेच ढवळणं. कार्यालयाला ‘प्रवाशांनी अवश्य चाखावेत असे पारंपरिक ख्मेर पदार्थ’ ही यादी करायची होती, म्हणून वथानाक आला, ओट्यावर बसला, आणि प्रहोकचा वास येताच उठून रस्त्यापलीकडे जाऊन उभा राहिला. तिथूनच त्यानं पसंती कळवली.

“परंपरा उत्तम आहे, मिंग,” तो ओरडून म्हणाला. मिंग म्हणजे मावशी. “फक्त तिचा वास कमी करा!”

सिनाथनं मान डोलावली. ती कोणालाही नाही म्हणत नसे. हो म्हणून आपल्याला हवं तेच करत असे. त्या दिवसापासून घरात दोन चुली झाल्या. पुढच्या चुलीवर नारळाचं दूध, साखर, बिनकाट्याचा मासा. प्रहोक त्यात नव्हता. तो शेजारी काचेच्या बरणीत झाकून ठेवला होता, ‘पारंपरिक घटक, उघडू नये’ अशी चिठ्ठी लावून, म्हणजे पाहुण्यांना त्याचा फोटो काढता यावा. मागच्या चुलीवर नेहमीचा कॉको. पुढच्याला ती ‘पाहुण्यांचं पाणी’ म्हणे. कार्यालयानं पुढचा अस्सल म्हणून नोंदवला. मागचा कुठेच नोंदवलेला नव्हता, त्यामुळे तो नकली ठरला. ता सावुत चाळीस वर्षं नकली जेवत होता आणि त्याला ते ठाऊक नव्हतं.

दवाखान्यात शेवटचे दिवस सिनाथला पेज सोडून काही चाललं नाही. “बरी झाले की कॉको करीन,” ती म्हणायची. “मागच्या चुलीवरचा.” बरी झाली नाही.

म्हणून शंभराव्या दिवशी काय करायचं हे सावुतनं ठरवून टाकलं होतं. शंभराव्या दिवशी मेलेल्याच्या नावानं भिक्खूंना जेवण देतात. ते दुपारच्या आत जेवतात, दुपारनंतर घास घेत नाहीत, आणि त्यांनी जे खाल्लं ते मेलेल्याला पोचतं. इतकं साधं आहे. सातव्या दिवशीही असंच जेवण झालं होतं, पण तेव्हा सावुतला कशाचीच शुद्ध नव्हती. बायाबापड्यांनी काय शिजवलं ते त्याला आठवतसुद्धा नव्हतं. आता मात्र सिनाथला तिचा कॉको पोचवायचाच.

“बाँग, तुम्हाला चूल कुठल्या बाजूला आहे हे तरी माहितीये का?” थारीनं विचारलं. थारी सिनाथची धाकटी बहीण. त्याला थोरल्या भावासारखं बाँग म्हणायची आणि धाकट्या भावासारखं बोलायची.

“चाळीस वर्षं खाल्लाय मी तो.”

“खाणाऱ्याला वाडगा माहीत असतो. सरका. तुम्ही तांदूळ कुटा, बाकीचं मी बघते.”

पण गावात काय शिजणार हे शिजण्याआधी कार्यालयाला कळत असे. दुसऱ्याच दिवशी वथानाक आला.

“ता, कॉको सध्या दिवंगत आहे. दिवंगत पदार्थ सार्वजनिक जागी शिजवता येत नाही.”

“विहारात शिजवणार आहोत.”

“विहार हे भेट देण्याजोगं स्थळ आहे. यादीत आहे.”

“मग दुसरं नाव देतो,” थारी म्हणाली. “भाजीचं कालवण म्हणतो. झालं?”

“मग ती अस्सल पदार्थाची नक्कल होईल. त्याला दंड आहे.” वथानाकला हे सांगताना वाईट वाटत होतं. “सोपा मार्ग म्हणजे नवा धारक नेमायचा. मिंग थारी, तुम्ही बहीण. वंशपरंपरा जुळते. पण मागच्या पाकस्पर्धेत तुम्ही कॉकोत भोपळा घातलात. तुमच्या नावापुढे ‘विसंगत’ असा शेरा आहे.”

“परसात भोपळा होता म्हणून घातला! आमची आई घालायची!”

“तुमच्या आई यादीच्या आधीच्या.”

“मग मला नेमा,” सावुत म्हणाला.

वथानाकनं मान हलवली. “नवरा हा पदार्थाचा लाभार्थी असतो, ता. धारक होऊ शकत नाही.” मग त्याला दया आली. “तात्पुरता धारक मात्र होऊ शकतो. कार्यालयाच्या समितीपुढे आणि प्रवाशांपुढे प्रात्यक्षिक द्यावं लागेल. नोंदवलेल्या कृतीनं.”

“म्हणजे पाहुण्यांचं पाणी.”

“म्हणजे अस्सल. आणि तारीख शोधायलाही नको. शंभराव्या दिवशी तुम्ही शिजवताच आहात. भिक्खू असतील, उदबत्त्या असतील, तुम्ही असाल. वातावरण आपोआप मिळेल.” त्यानं सावुतच्या डोक्याकडे पाहिलं. “डोकं पुन्हा भादरता येईल का? केस उगवलेत.”

सावुतनं भादरलं नाही. पण त्यानं मान डोलावली. नाही न म्हणता आपल्याला हवं ते करायचं, ही एवढीच विद्या तो बायकोकडून शिकला होता.

थारीनं तोड काढली. विहाराच्या मंडपात, समितीपुढे, एक पातेलं नारळाचं. मंडपामागे, चिंचेखाली, दुसरं पातेलं सिनाथचं. समितीनं पुढचं चाखावं, भिक्खूंनी मागचं जेवावं, आणि सगळ्यांनी सुखानं घरी जावं.

शंभराव्या दिवशी दोन बस भरून प्रवासी आले. विहाराच्या दाराशी त्यांना एकेक पांढरं उपरणं देण्यात आलं, दुःखाची शिस्त दिसावी म्हणून. कुठून कुठून आले होते. एक जथा तुमच्याकडचाही होता. त्यांनी आधी विचारलं, ह्यात मासा आहे का. मग विचारलं, मासा बाजूला काढून मिळेल का. आणि मग सावलीत बसून घरून आणलेला चिवडा सोडला.

समिती बसली. अध्यक्षांनी परंपरेवर भाषण केलं. परंपरा कालबाह्य होऊ नये म्हणून तिच्यात वेळोवेळी दुरुस्ती करावी लागते, असं ते म्हणाले. सूर्य वर चढत होता. भिक्खू ओळीनं बसून वाट बघत होते. सावुतनं नारळाचं पातेलं ढवळलं, कॅमेऱ्याकडे बघून पुन्हा ढवळलं, आणि मागे थारीनं प्रहोक सोडला.

वास मंडपात आला. सावुतचा हात थांबला. सिनाथ दवाखान्यात गेल्यापासून हा वास त्याच्या घरात आला नव्हता.

प्रवाशांपैकी एक उंच बाई नाक वर करून उठली आणि वासामागे चालू लागली. चिंचेखाली गेली, पातेल्यात डोकावली, आणि तिनं मोठ्यानं हाक दिली, “खरा इकडे आहे!”

दोन्ही बस चिंचेखाली आल्या.

थारी पातेल्यापुढे हात पसरून उभी राहिली. “हा भंतेंचा आहे! माझ्या बहिणीचा आहे! तुमचा तिकडे, साखर घातलेला!”

“हा काय प्रकार आहे, ता?” वथानाक धावत आला. वास त्याच्यापर्यंत पोचला होता, पण आता अध्यक्ष मागून येत होते आणि रस्त्यापलीकडे जाता येत नव्हतं. अध्यक्षांनी रुमालातून पातेल्याकडे पाहिलं, प्रवाशांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं, आणि निकाल दिला: हा कॉकोचा शोकप्रसंगी प्रकार असून तोही तपासावा लागेल.

उंच बाई सावुतपुढे आली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. दुभाष्यानं सांगितलं, हिची आई गेल्या वर्षी गेली. तिला जास्त नको. फक्त चवीपुरतं.

आई गेलेल्या माणसाला सावुत काय नाही म्हणणार? पहिला चमचा त्यानं स्वतःच्या हातानं वाढला.

मग दुसरा आला. त्यालाही फक्त चवीपुरतंच हवं होतं. कोणीही पोटभर मागितलं नाही. सगळे संस्कारी लोक होते, आज इथे श्राद्ध आहे हे त्यांना समजत होतं. म्हणून तर प्रत्येकजण पुन्हापुन्हा नको नको म्हणत एकेक चमचा घेत होता. समितीनं तीनदा घेतलं, कारण तपासणी होती. तुमच्याकडच्या लोकांनी मासा बाजूला सारून नुसता रस्सा मागितला, आणि एकानं तो चिवड्यावर घालून बघितला.

“बाँग, बास करा!” थारी ओरडली. “भंतेंना काय वाढू?”

“एवढे दोन चमचे, मिंग,” वथानाक हात जोडून म्हणाला. “चमच्यानं काय संपतंय?”

संपलं. तळाला गवती चहाची एक काडी राहिली. नोंदवहीत शेरा पडला: ‘कोणीही जेवलं नाही. सर्वांनी केवळ चाखलं.’

सूर्य डोक्यावर यायला आला होता. नव्यानं शिजवायला वेळ नव्हता आणि भिक्खूंना उपाशी उठवणं शक्य नव्हतं. मंडपात नारळाचं पातेलं काठोकाठ भरलेलं होतं. त्याला कोणी हात लावला नव्हता. थारीनं तेच वाढलं. वडील भिक्खूंनी पहिला घास घेतला, बराच वेळ चावला, चावण्यासारखं त्यात काही नव्हतं तरी, आणि सावुतकडे पाहिलं.

“सिनाथ हे करायची?” त्यांनी हळूच विचारलं.

“पाहुण्यांसाठी, भंते.”

त्यांनी वाडगा संपवला. दान होतं, टाकता येत नव्हतं. दुपारचा ढोल झाला आणि जे पोचायचं ते सिनाथला पोचलं.

“ताई आता तिकडे वाडगा आपटत असेल,” परतताना थारी म्हणाली. “जन्मभर ते पाणी दुसऱ्यांना पाजलं. कधी बोट बुडवून चाटलं नव्हतं तिनं.”

सावुतच्या हाताला प्रहोकचा वास येत होता. त्यानं घरी जाऊन हात धुतले नाहीत.

कॉको पुनर्जीवित झाल्याचं पत्र लवकरच आलं. सावुत तात्पुरता धारक झाला. मागच्या चुलीवरचा कॉकोही आता अस्सल ठरला. यादीत तो ‘शोकप्रसंगी घरगुती कॉको’ म्हणून लागला आणि त्याला सगळ्यांत जास्त पसंती मिळाली. प्रवाशांनी लिहिलं: मन हेलावून गेलं. प्रत्यक्ष म्हातारा वाढतो. दुपारच्या आत जावं. मागणी इतकी वाढली की वथानाकला पुन्हा यावं लागलं.

“ता, वाईट अर्थानं विचारत नाही,” तो म्हणाला, “पण गावात सध्या कोणी गंभीर आजारी आहे का? बसची आखणी आधी करावी लागते.”

थारीनं त्याला केरसुणी दाखवली. तो वाईट मानून गेला नाही. जाताना पितरांच्या पंधरवड्याच्या तारखा मात्र लिहून घेऊन गेला.

त्या पंधरवड्यात मेलेली माणसं विहारोविहारी आपलं जेवण शोधत फिरतात. सावुतनं ठरवलं, तेव्हा करू. पण नियम आला होता: नोंदवलेला पदार्थ आधी नोंदवलेल्या प्रवाशांना, उरल्यास इतरांना. पंधराही दिवसांच्या जागा भरल्या. आले ते सगळे सज्जन होते. कुणीही पोटभर मागितलं नाही. उरलं कधीच नाही.

पुढच्या वर्षीच्या जागा अजून आहेत. तुम्ही याच. यादीत तो सगळ्यांत वर आहे, आणि इतक्या लांब येऊन तो न चाखता परत जाणं बरं दिसणार नाही. सावुत तुम्हाला नाही म्हणणार नाही. तुम्हीही काही अधाशी नाही; चवीपुरतंच घ्याल.

सिनाथला वाढायचं अजून राहिलं आहे.